कोल्हापूरचें हायस्कूल आणि घरोघरचें मत

एखाद्या शाळेचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे साधनांची वाण पडत नाहीं. शिक्षणखात्याचे अहवाल असतात, परीक्षांचे निकाल असतात, हेडमास्तरांच्या नांवांचा फळा भिंतीवर टांगलेला असतो, आणि इमारतीच्या कोनशिलेवर कोणा बड्या पाहुण्याचें नांव कोरलेलें असतें. पण ज्यांच्या मुलांसाठीं ही सारी उठाठेव झाली त्या आईबापांस ती शाळा कशी वाटली, आणि ज्यांना तिच्या बाकांवर बसून वर्षेंच्या वर्षें काढावीं लागलीं त्या मुलांस ती कशी वाटली, ह्याची नोंद सहसा कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. ह्या माणसांना मत नव्हतें असें मात्र नव्हे. मुलाच्या फीसाठीं घरांतलें एखादें भांडें गहाण पडलें, तर तें त्या घराचें शाळेविषयींचें मतच होय. मुलाला शाळेंतून काढून बैलांमागें लावलें, तर तेंहि मतच. एका शाळेंतून नांव काढून दुसऱ्या शाळेंत घातलें, हेंहि मत. अशीं मतें तोंडानें क्वचित् बोललीं जातात. तीं कृतीनें दिलेलीं असतात, आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय असतात. कोल्हापूरच्या सरकारी हायस्कुलाचा, आणि त्याच्या भोवतीं वाढलेल्या शिक्षणाचा इतिहास ह्या दृष्टीनें वाचला, तर निकालांच्या कोष्टकांत न दिसणाऱ्या कित्येक गोष्टी दिसूं लागतात.

आरंभीं 'सार्वजनिक शाळा' हा शब्दच जरा तपासून घेतला पाहिजे. इंग्लंडांत ईटन, हॅरो ह्यांसारख्या शाळांस 'पब्लिक स्कूल' म्हणतात. पण त्या पब्लिकमध्यें भरभक्कम फी मोजण्याची ऐपत असलेल्या घरांचाच मुख्यतः समावेश होत आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत होरेस मॅन ह्या गृहस्थानें १८३७ पासून ज्या शाळेचा पुरस्कार केला, ती अगदीं निराळी. त्याची 'कॉमन स्कूल' म्हणजे पेढीवाल्याचा मुलगा आणि मजुराचा मुलगा ह्यांना एकाच बाकावर बसविणारी, सर्वांच्या करांतून चाललेली शाळा. पहिल्या शाळेला तिच्या पालकांच्या मताची काळजी करावी लागत नाहीं. कारण ते तिच्या दारांत रांग लावून उभे असतात. दुसऱ्या शाळेला मात्र सदैव एकच प्रश्न छळीत असतो : गांवांतील कोणकोणतीं घरें तिला आपली म्हणतात? कोल्हापुरांतील शाळेच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचें मर्म ह्याच प्रश्नांत आहे.

कोल्हापुरांत इंग्रजी शाळा निघाली ती १८५१ सालीं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर संस्थानच्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांची पकड घट्ट झाली होती, आणि नव्या कारभाराला इंग्रजी जाणणारीं माणसें हवीं होतीं. पुढच्याच वर्षीं, १८५२ सालीं, वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरांत आले व त्यांनींहि शाळा काढल्या. त्या काळच्या पालकांच्या मनांत इंग्रजी शाळेविषयीं जें भय होतें तें निराधार म्हणतां येत नाहीं. मुंबईंत १८४३ सालीं श्रीपत शेषाद्री ह्या ब्राह्मण मुलाच्या प्रकरणानें उडालेला गहजब महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत ताजा होता. मिशनऱ्यांच्या घरीं राहिलेल्या त्या मुलाला पुन्हां जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला केवढी झीज सोसावी लागली, हें सर्वांनीं पाहिलें होतें. अशा वेळीं मिशनची नव्हे तर दरबारची शाळा, म्हणजे धर्माला धक्का न लावतां पोटाची विद्या देणारी शाळा, ही गोष्ट नोकरदार घरांना आश्वासक वाटली असल्यास नवल नाहीं.

ह्या शाळेनें पहिल्या पिढींतच एक असा विद्यार्थी घडविला कीं, ज्याच्या नांवावर कोणत्याहि शाळेनें मिरवावें. महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म १८४२ सालीं निफाडास झाला. पण वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत असल्यामुळें त्यांचें बाळपण व शिक्षणाचा आरंभ कोल्हापुरांतच झाला. चौदा-पंधरा वर्षांचे असतां ते पुढील शिक्षणासाठीं मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें गेले, आणि १८५९ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा जे एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत त्यांचें नांव होतें. परंतु ह्या उदाहरणांतच त्या वेळच्या पालकांचें मत स्पष्ट दिसतें. शाळा चांगली, पण ती वाटेवरची धर्मशाळा, मुक्काम मुंबई-पुण्यास. ज्या घराला पुढचा मुक्काम ठाऊक होता, आणि तेथवर मुलाला पोंचविण्याचें बळ होतें, त्या घराला ह्या शाळेचा उपयोग कळत होता. बाकीच्यांना ती दरबारची एक कचेरी वाटत होती.

कालांतरानें ह्या शाळेचें हायस्कूल झालें. मेजर मँट ह्या स्थापत्यकाराच्या आराखड्यावरून भवानी मंडपाजवळ तिची भव्य दगडी इमारत उभी राहिली. १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें अकालीं निधन पावलेल्या तरुण राजाराम महाराजांचें नांव तिला मिळालें, आणि १८८० पासून तिच्याच अंगानें कॉलेजचे वर्ग सुरू झाले. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या राजवाड्याला लागून उभी असलेली ही वास्तू म्हणजे नव्या विद्येला शहराच्या हृदयांत दिलेली जागाच होती. पण जागा हृदयांत असली म्हणजे ती सर्वांच्या हृदयांत असतेच असें नाहीं.

ह्या हायस्कुलाविषयीं एका गरीब घरानें दिलेलें मत महाराष्ट्राच्या इतिहासांत चिरस्मरणीय झालें आहे. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल जहागिरींत नोकरीस होते. गोपाळाचे आरंभींचे धडे कागलास झाले, व पुढें इंग्रजी शिक्षणासाठीं तो थोरल्या भावाबरोबर कोल्हापुरास आला. १८७९ सालीं वडील वारले आणि घरावर आकाश कोसळलें. थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठीं पाठवीत, आणि उरलेल्या सातांत प्रपंच चालवीत, असें गोखल्यांचे चरित्रकार सांगतात. निम्म्याहून अधिक पगार एका मुलाच्या शिक्षणावर! गोपाळानेंहि हाताला सांपडेल ती काटकसर करून १८८१ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली, राजाराम कॉलेजांत प्रवेश घेतला, आणि अखेर १८८४ सालीं मुंबईस तो पदवीधर झाला. कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न पडला तेव्हां आपण आतां नोकरी करावी असें त्याच्या मनांत आलें होतें; पण गोविंदरावांच्या पत्नीनें आपले दागिने पुढें केले, असेंहि सांगतात.

ह्या कुटुंबाला कोणी विचारलें असतें कीं, तुमचें शाळेविषयीं मत काय, तर त्यांनीं कदाचित् कांहींच सांगितलें नसतें. पण पंधरांतील आठ रुपये हें उत्तर कोणत्याहि अहवालापेक्षां स्पष्ट आहे. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावयास पाहिजे. हें घर गरीब होतें, पण विद्येला परकें नव्हतें. अक्षर आणि चाकरी ह्यांचा संबंध त्या घरानें पिढ्यान्पिढ्या पाहिला होता. आज पोटाला चिमटा घेतला तर दहा वर्षांनीं काय पदरीं पडेल, हा हिशेब त्याला मांडतां येत होता. ज्या घरांनीं असा हिशेब कधीं पाहिलाच नव्हता, त्यांच्यापुढें हेंच हायस्कूल निराळ्या रूपांत उभें होतें.

ह्याच सुमारास, १८८२ सालीं, हंटर कमिशनपुढें पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं आपलें निवेदन सादर केलें. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामांतून येतो, पण त्याचा शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा त्यांचा रोख होता. जे पालक कधींच पालकांच्या यादींत आले नाहींत, ज्यांच्या मुलांचें नांव पटावर चढलेंच नाहीं, त्यांच्या वतीनें दिलेली ही साक्ष होती. शाळेचा पैसा ज्यांनीं भरला त्यांचीं मुलें शाळेंत नाहींत, ही तक्रार पुण्याइतकीच कोल्हापुरासहि लागू होती.

ती तक्रार ऐकणारा राजा कोल्हापुरास लाभला, हें त्या नगरीचें भाग्य. शाहू महाराज १८७४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मले, १८८४ सालीं दत्तक आले, आणि २ एप्रिल १८९४ रोजीं त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला. त्या वेळीं संस्थानच्या सामान्य प्रशासनांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते आणि ११ इतर. हा आंकडा नुसता नोकऱ्यांचा नाहीं. तो हायस्कुलाच्या पटाचाच पडसाद आहे. जीं मुलें शाळेंत नव्हतीं तीं वीस वर्षांनीं कचेरींत दिसणार कोठून? १९०२ च्या जुलैंत महाराजांनीं संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ह्या हुकुमाची चर्चा बहुधा नोकऱ्यांच्या दृष्टीनें होते. पण पालकाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचा अर्थ आणखीच खोल आहे. गोविंदराव गोखल्यांच्या घराला जो हिशेब मांडतां येत होता, तो मांडण्याचें साधन ह्या हुकुमानें कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या घरांत प्रथमच पोंचलें. मुलगा शिकला तर त्याला जागा आहे, हें आश्वासन नसेल, तर गरिबाला शिक्षण हा निव्वळ खर्च वाटतो. आणि तसें वाटण्यांत त्याचें चुकतें असें म्हणतां येणार नाहीं.

पण आश्वासनानें पोट भरत नाहीं. भुदरगडच्या किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ भागांतील मुलानें हायस्कुलांत यावयाचें म्हणजे प्रथम कोल्हापुरांत राहावयाचें कोठें आणि जेवावयाचें कोठें, हा प्रश्न उभा राही. ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरीची जुनी सोय होती. वार लावून जेवतां येत असे. नात्यागोत्याचें एखादें बिऱ्हाड शहरांत असे. खेड्यांतील मराठ्याच्या, जैन शेतकऱ्याच्या, किंवा महाराच्या मुलाला ह्यांतलें कांहींच नव्हतें. म्हणजे त्याच्या आणि हायस्कुलाच्या मध्यें व्याकरण-भूमितीचा डोंगर नव्हता, चुलीचा होता. महाराजांनीं १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एकच वसतिगृह काढून पाहिलें. पण तें लवकरच बहुतांशीं ब्राह्मण विद्यार्थ्यांनीं भरून गेलें, आणि ज्यांच्यासाठीं मुख्यतः तें काढलें होतें ते बाहेरच राहिले. तेव्हां मार्ग बदलला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच वर्षीं दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांची सोय, १९०७ मध्यें लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस् क्लार्क होस्टेल, आणि त्यानंतर शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत अशीं वसतिगृहें एकामागून एक उघडलीं गेलीं.

जातवार बोर्डिंगांमुळें जातिभेद पक्का होतो, असा आक्षेप त्या वेळींहि घेतला गेला, आणि आजहि घेतला जातो. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु खेड्यांतील आईच्या जागीं बसून विचार केला पाहिजे. दहा-बारा वर्षांचें पोर परक्या शहरांत धाडावयाचें. तें कोणाच्या हातचें खाईल, त्याला कोणी हिणवील काय, आजारी पडलें तर कोण पाहील? बोर्डिंगावर देखरेख आपल्याच समाजाच्या चार जाणत्या माणसांची आहे, एवढें कळलें कीं तिचा जीव खालीं पडे. शाळेच्या शिक्षणक्रमावर ह्या आईचें मत काय होतें हें कोणी विचारलें नाहीं. पण बोर्डिंगाच्या रूपानें तिच्या मनांतील शंकेला दरबारानें उत्तर दिलें. शाळेविषयींचें मत पुष्कळदां शाळेच्या बाहेरच ठरतें, हें ओळखणें हेंच महाराजांच्या कार्यांतील मोठें शहाणपण होय. बोर्डिंगें निराळीं असलीं तरी सकाळीं घंटा झाल्यावर हीं सारीं मुलें ज्या वर्गांत येऊन बसत तो वर्ग मात्र एकच असे, हेंहि विसरतां कामा नये.

मुलींच्या बाबतींत ही शंका दुणावलेली होती. रखमाबाई केळवकर ह्यांच्याकडे कोल्हापुरांतील मुलींच्या शाळांची देखरेख सोंपविली गेली, आणि त्यांची कन्या कृष्णाबाई ही डॉक्टर होऊन कोल्हापूरच्याच इस्पितळांत काम करूं लागली. शेजारच्या घरांतील एक मुलगी शिकून डॉक्टर झालेली डोळ्यांनीं दिसली, म्हणजे स्त्रीशिक्षणावरील दहा व्याख्यानांनीं होत नाहीं तें काम होतें.

हायस्कुलाविषयींचें सर्वच प्रतिकूल मत खेड्यांतून आलें असें नाहीं. सुशिक्षितांतूनहि एक कठोर मत पुढें आलें. राजाराम कॉलेजांत अध्यापक असलेले विष्णु गोविंद विजापूरकर हे मोठे व्यासंगी गृहस्थ. १८९४ सालीं त्यांनीं कोल्हापुरांतून 'ग्रंथमाला' सुरू केली. सरकारी शाळा परभाषेंतून शिकवते, नोकर घडविते पण नागरिक घडवीत नाहीं, अशी त्यांची व त्यांच्या मताच्या लोकांची धारणा झाली. आणि वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनीं राष्ट्रीय शिक्षणासाठीं समर्थ विद्यालय काढलें. तें पुढें तळेगांव दाभाडे येथें गेलें, आणि अखेर सरकारी रोषामुळें बंद पडलें. स्वतः विजापूरकरांना 'विश्ववृत्त' मासिकांतील एका लेखाबद्दल तुरुंगवास भोगावा लागला. त्या शाळेंत मुलगा घालणाऱ्या पालकांनीं सरकारी नोकरीच्या वाटेवर पाणी सोडलें होतें. म्हणजे त्यांचेंहि मत फुकटचें नव्हतें. दरबार आणि विजापूरकर ह्यांचें इतर बाबतींत तीव्र वितुष्ट होतें, आणि वेदोक्ताच्या वादानें तें वाढलें होतें. तरी तटस्थपणें पाहतां दोघांचाहि मूळ सवाल एकच होता, कीं ही शाळा कोणासाठीं? एकाचें उत्तर होतें, जे बाहेर राहिले त्यांच्यासाठीं, दुसऱ्याचें, देशासाठीं. दोन्ही उत्तरें एकमेकांस पूरक ठरूं शकलीं असतीं. तसें झालें नाहीं, ही त्या काळाची शोकांतिका.

विद्यार्थ्यांच्या मताचा विचार करतांना गोखल्यांसारख्या यशस्वी विद्यार्थ्याबरोबर अयशस्वी विद्यार्थ्याचीहि आठवण ठेवावी लागते. कुंभोज गांवीं १८८७ सालीं जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा मुलगा राजाराम हायस्कुलांत शिकत असे व जैन बोर्डिंगांत राहात असे. अभ्यासांत त्याची गति बेताचीच. कुस्ती, पोहणें आणि नियम मोडणें ह्यांत अधिक. मिस् क्लार्क होस्टेलच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करावयाचें त्यानें नाकारलें, आणि त्यावरून बोर्डिंगाचे चालक व तो ह्यांत बेबनाव होऊन त्याला बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. मॅट्रिकपर्यंतहि तो पोंचला नाहीं. परीक्षेच्या दृष्टीनें हायस्कुलाच्या खात्यांत ही बुडीत रक्कमच. परंतु ह्याच विद्यार्थ्यानें १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. सर्व जातींच्या मुलांनीं एकत्र राहावें, एकत्र स्वयंपाक करावा, स्वतःच्या श्रमानें शिकावें, अशी वसतिगृहें त्यांनीं काढलीं. साताऱ्याच्या वसतिगृहाला १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें शाहू छत्रपतींचें नांव दिलें गेलें, आणि १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव ह्यांच्या नांवानें मोफत हायस्कूल निघालें. कोल्हापुरांत त्यांनीं जें चांगलें पाहिलें तें घेतलें, आणि जें खटकलें तें दुरुस्त केलें. कर्मवीर भाऊरावांच्या संस्थेकडे एका नापास विद्यार्थ्यानें आपल्या शाळेविषयीं कृतीनें नोंदविलेलें मत म्हणून पाहिल्यास तिचें महत्त्व अधिकच कळतें.

आतां सक्तीचा प्रश्न. पालकांचें मत प्रतिकूल असेल तर तें मानावें कीं मोडावें? कोल्हापूरच्या हायस्कुलांतून बाहेर पडलेल्या गोखल्यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. बिल अत्यंत सौम्य होतें. तरी १९१२ च्या मार्चमध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. लोकांनाच शिक्षण नको आहे, देश अजून तयार नाहीं, हा विरोधकांचा एक मुख्य मुद्दा होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं मात्र १९०६ पासून आपल्या राज्यांत सक्ती लागू करून हा मुद्दा खोटा पाडला होता. गोखले १९१५ सालीं वारले. आणि १९१७ सालीं, जेथें ते शिकले त्याच कोल्हापूर संस्थानांत, शाहू महाराजांनीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. खेड्याखेड्यांतून शाळा काढावयाच्या तर इमारती कोठून आणाव्या? तेव्हां चावड्या, धर्मशाळा, देवळें ह्यांचा उपयोग करण्यांत आला. पहिल्या वर्षीं, १९१७-१८ मध्यें, अशा शाळा २७ होत्या आणि विद्यार्थी १,२९६. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० झाल्या आणि विद्यार्थी २२,००७. चार वर्षांत झालेली ही वाढ एकट्या दंडाच्या भयानें झाली असें मानणें कठीण. लोकांना शिक्षण नको असतें हें विधान बहुधा ज्यांना तें आधींच मिळालेलें असतें त्यांचें असतें. शाळा गांवांत आली, फुकट झाली, म्हणजे मत बदलतें.

१९१९ सालीं महाराजांनीं आणखी एक कठीण पाऊल उचललें. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्याच शाळेंत घेण्याचा हुकूम त्यांनीं दिला. येथें ज्या घरांचीं मुलें आधींपासून शाळेंत होतीं, त्यांच्या मताची परीक्षा होती. दुसऱ्याचें मूल आपल्या मुलाशेजारीं बसल्यानें जी शाळा आपल्याला नकोशी होते, ती मुळांत आपण सार्वजनिक मानलीच नव्हती, असाच ह्याचा अर्थ होतो. त्याच वर्षीं राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हवालीं करण्यांत आलें. आणि १९२२ पासून प्रिन्सिपॉल झालेल्या डॉ. बाळकृष्णांनीं १९४० सालीं निधन होईपर्यंत त्याची प्रतिष्ठा वाढविली. शाहू महाराज १९२२ च्या मे महिन्यांत दिवंगत झाले.

तथापि राजाज्ञेनें घराचें मत एका दिवसांत पालटत नाहीं. ह्याचा पुरावा कोल्हापूरच्या परिसरानेंच मराठी वाङ्मयाला दिला आहे. आनंद यादव ह्यांचा जन्म १९३५ सालीं कागलास झाला. म्हणजे जेथें गोखल्यांनीं पाटी हातीं धरली आणि जेथील घाटगे घराण्यांत शाहू महाराज जन्मले तेंच हें गांव. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या व १९९० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या 'झोंबी' ह्या आत्मचरित्रात्मक ग्रंथांत त्यांनीं आपल्या शिक्षणाची कथा सांगितली आहे. वडिलांनीं त्यांना शाळेंतून काढून शेतावर जुंपलें होतें. आईला मुलाची तळमळ कळत होती. पण नवऱ्यापुढें तिचें चालत नव्हतें. अखेर मायलेकांनीं गांवच्या देसाई सरकारांना मध्यें घातलें, आणि वडिलांनीं परवानगी दिली ती अटीवर : सकाळीं शेतावर काम करावयाचें, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर पुन्हां गुरें. तेथें भेटलेल्या एका मराठीच्या शिक्षकानें ह्या मुलाला कवितेचें वेड लावलें, आणि त्यांतून पुढें एक साहित्यिक निर्माण झाला.

ह्या कथेंतील बापाला दुष्ट ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण त्याची बाजूहि समजून घेतली पाहिजे. कुळानें कसावयाच्या मळ्यांत मुलाचे दोन हात म्हणजे घरचें भांडवल. शाळा तें भांडवल दिवसाचे पांच-सहा तास उचलून नेते, आणि परतफेडीची मुदत सांगत नाहीं. बापाचें मत अनुभवांतून आलें होतें. मुलाचें मत आशेंतून. आणि आई त्या दोहोंच्या मध्यें उभी होती. महाराष्ट्रांतील असंख्य घरांत ह्याच तीन मतांची झुंज झाली, आणि जेथें शाळेनें, शिक्षकानें किंवा एखाद्या वजनदार शेजाऱ्यानें आशेच्या पारड्यांत थोडें वजन टाकलें, तेथें मूल शिकलें. जेथें तसें कोणी भेटलें नाहीं, तेथील मुलांनीं आत्मचरित्रें लिहिलीं नाहींत. त्यांचें मत आपल्याला कधींच कळणार नाहीं.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि दरबारच्या शाळा जनतेच्या सरकारच्या झाल्या. डॉ. बाळकृष्णांनीं ज्याचें स्वप्न पाहिलें तें विद्यापीठहि १९६२ सालीं शिवाजी महाराजांच्या नांवानें कोल्हापुरांत स्थापन झालें. खेड्यांतील मुलानें शाळेंत यावें कीं नाहीं, हा वाद बहुतांशीं मिटला. २००९ सालच्या कायद्यानें तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्कच मान्य केला. परंतु तेवढ्यानें सार्वजनिक शाळेचा प्रश्न सुटला असें नाहीं. तो उलट बाजूनें उभा राहिला. पूर्वीं गरिबाचें घर शाळेबाहेर होतें. पुढें ऐपतीचें घर तिच्यांतून बाहेर पडूं लागलें. १९६४ ते १९६६ ह्या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें हा धोका ओळखून शेजारशाळेची कल्पना मांडली. एका वस्तींतील सर्व मुलें एकाच शाळेंत गेलीं, तर ज्यांचा शब्द चालतो असे पालकहि त्या शाळेच्या सुधारणेसाठीं झटतील, असें तिचें सूत्र होतें. ती शिफारस कागदावरच राहिली.

ह्या सूत्राचें सत्य कोल्हापूरच्या इतिहासानें आधींच सिद्ध केलें आहे. ज्यांच्याजवळ मत मांडण्याची भाषा असते ते पालक शाळेंत असले, म्हणजे शाळेला दोष दाखविणारा आणि तिच्यासाठीं भांडणारा मिळतो. ते निघून गेले, म्हणजे मागें राहिलेल्या मुलांचे आईबाप मुके असतात. आणि मुक्या पालकांच्या शाळेचें छप्पर गळूं लागलें तरी तें लवकर कोणाला दिसत नाहीं. जुन्या शाळेच्या नांवाचा अभिमान बाळगणें, तिच्या थोर विद्यार्थ्यांच्या तसबिरींना हार घालणें, आणि आपल्या मुलाचें नांव मात्र दुसरीकडे घालणें, हेंहि एक मतच आहे. आणि शाळा तें बरोबर ओळखते.

गोविंदराव गोखल्यांनीं पंधरांतील आठ रुपये दिले, शाहू महाराजांनीं खजिना खुला केला, भाऊरावांनीं आयुष्य वेंचलें, आणि कागलच्या एका मातेनें नवऱ्याच्या रागाला तोंड दिलें. ह्यांपैकीं कोणीहि शाळा चांगली कीं वाईट ह्यावर निर्णय देऊन थांबलें नाहीं. शाळा आपली आहे असें धरून त्यांनीं तिच्यासाठीं कांहीं तरी मोजलें. सार्वजनिक शाळेविषयीं मत द्यावयाचें तर ह्याच नाण्यांत द्यावें लागतें, आणि ज्या शहरांत तें नाणें चलनांत राहतें, त्या शहराच्या शाळेला निकालाच्या कोष्टकाची फारशी भीति बाळगण्याचें कारण उरत नाहीं.